कांबळेकाकांची वेबसाईट, आडनावासकट

कांबळेकाका गेले.

आज दुपारी. कारखान्यात, उभ्या उभ्या. सकाळी फोनवर माझं डोकं खाणारा माणूस संध्याकाळी नाही?

आत्ताच विठ्ठलवाडीहून घरी आलोय. लिहितोय, कारण गप्प बसवत नाही.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. सुदाम कांबळे. अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत त्यांचा गाळा. कंपन्यांमध्ये माल ओढायच्या लोखंडी ट्रॉल्या बनवायचे.

आयुष्यभर बनवल्या, पण विकल्या गेल्या दुसऱ्याच्या नावाने. उल्हासनगरचा एक शेठ त्या उचलायचा, स्वतःचं स्टिकर चिकटवायचा आणि पुढे पाठवायचा.

मी बदलापूरला वेबसाईट बनवतो, हे तुम्हाला माहीतच आहे. दोन-तीन महिन्यांपूर्वी काका ऑफिसात आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "गिऱ्हाईक सरळ माझ्याकडे आलं पाहिजे. मधला माणूस नको."

गाळ्यावर बोर्ड होता, "एस. के. इंजिनिअरिंग".

मी त्यांच्यासमोरच नेटवर सर्च केलं. देशभरातले एस. के. आले. क्लासवाले, टूरवाले, एक दातांचा डॉक्टरसुद्धा. काका कुठेच नाहीत.

"काका, एस. के. तर गल्लोगल्ली आहेत. पूर्ण नाव टाकू. कांबळे इंजिनिअरिंग, अंबरनाथ. तरच कोणाला सापडाल."

काकांनी मान हलवली, नको.

सोबत त्यांची मुलगी प्रज्ञा होती. ती म्हणाली, "पप्पा, मी किती वर्षं सांगतेय. टाका ना आडनाव."

"तुला काय कळतंय? आडनाव वाचून फोन ठेवतात लोक. मी बघितलंय. सगळं बोलणं होतं, चहा होतो, मी कार्ड देतो, आणि मग साहेबांना अचानक दुसरी मीटिंग आठवते."

मी आपला शहाणपणा केला. "आता तसं काही राहिलं नाही हो काका."

चिडले नाहीत. हसले.

"तुझं आडनाव काय रे?"

मी सांगितलं.

"मग तुला कोण कशाला सांगायला येईल?"

त्यानंतर बरेच दिवस पत्ता नाही. मी समजलो, पार्टी गेली. आणि एक दिवस फोन.

"टाक. पूर्ण टाक. मोठ्या अक्षरात. होऊ दे काय व्हायचं ते."

आणि मग काय छळलंय या माणसाने मला!

माल भरलेली ट्रॉली स्वतः ओढून बघितल्याशिवाय गेटबाहेर सोडायचे नाहीत. वेबसाईटलाही तोच कायदा. शेजारी बसून एकूण एक पान उघडायला लावलं. एकूण एक लिंक.

माझ्या लँडलाईनवरून साईटवरचा नंबर फिरवला. त्यांच्याच खिशातला मोबाईल वाजला. तो काढून दुसऱ्या कानाला लावला आणि स्वतःलाच म्हणाले, "हॅलो?"

मग मला म्हणाले, "बरोबर आहे नंबर."

मी हसून हसून मेलो. ते मात्र सीरियस.

फोटोंचं पान उघडलं आणि एकदम म्हणाले, "थांब. हा मोठा कर."

ट्रॉलीच्या हँडलवर शेठचं स्टिकर. सगळ्या फोटोंत! सवयच इतकी झालेली की फोटो काढताना ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

म्हटलं, "कॉम्प्युटरवर पुसून टाकतो, दोन मिनिटांचं काम."

"नको. खोटं नको."

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर बोलावलं. जाऊन बघतो तर काका जमिनीवर मांडी घालून रॉकेलच्या बोळ्याने स्वतः स्टिकरं खरवडतायत. इतके खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते. मग नवीन फोटो काढले.

साईट चालू झाली. पण नवीन साईट सर्चमध्ये दिसायला वेळ लागतो, हे त्यांना कोण समजावणार? रोज फोन. "आलं का रे नाव?"

आज सकाळीही. मी वैतागून म्हटलं, "काका, आलं की मीच फोन करीन ना!"

"बरं बाबा."

एवढंच. हेच शेवटचं.

दुपारी प्रज्ञाचा फोन आला. "दादा, पप्पा गेले."

मी विचारलं, "कुठे?"

खरंच विचारलं. डोक्यात शिरलंच नाही. मग तिचं रडणं ऐकू आलं.

विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा आत बुद्धवंदना चालू होती. प्रज्ञा बाहेर गॅलरीत, हातात काकांचा मोबाईल. किती वाजता नेणार, कोण कोण यायचंय, नातेवाईकांचे फोन थांबत नव्हते.

परत वाजला. तिने न बघताच उचलला. मशीनच्या आवाजात ऐकू यावं म्हणून काका व्हॉल्यूम फुल ठेवायचे, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"हॅलो, कांबळे इंजिनिअरिंग का? नाशिकहून बोलतोय. आमच्या कंपनीला ट्रॉल्या हव्यात. नेटवर शोधत होतो, तुमचं नाव मिळालं. कांबळेसाहेब आहेत का?"

नाव वाचलं होतं त्या माणसाने. पूर्ण वाचलं होतं. आणि वाचून फोन केला होता.

मी फोन घ्यायला हात पुढे केला. म्हटलं आपण सांगू, नंतर करा म्हणून. तिने माझा हात बाजूला सारला. डोळ्यांतून धार लागलेली, ती पुसलीसुद्धा नाही.

"बोला साहेब," प्रज्ञा म्हणाली. "मी कांबळेच बोलतेय."

जय भीम, काका.