कायमचा दाखला

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवी नोकरी लागली आणि पगारातून पहिल्यांदाच आयकर कापला गेला. करात सूट कशी मिळते, ते विचारायला मी सदर भागातल्या आमच्या कचेरीच्या लेखा शाखेत गेलो. रांगेत माझ्यापुढे दुसऱ्या शाखेतले एक गृहस्थ उभे होते. उजवी बाही रिकामी, दुमडून खांद्यापाशी सेफ्टीपिन लावलेली.

"नवीन दिसता भाऊ," ते म्हणाले. "सोपं आहे. विम्याचा हप्ता भरा, कर कमी लागते. आमच्यासारख्याले अपंग म्हणून सूट आहे. मेहनत काही नाही, हात तेवढा गमवावा लागते."

त्यांची पाळी आली. टेबलामागचा बाबू मान वर न करता म्हणाला, "अपंगत्व कायमचं आहे, असा डॉक्टरचा दाखला आणा."

"मागच्या साली देला होता ना!"

"ते मागच्या सालचं. यंदाचं काय?"

गृहस्थांनी डाव्या हातानं सावकाश पिन काढली आणि रिकामी बाही बाबूच्या कागदांवर पसरली. बाबूनं ती दोन बोटांनी उचलून बाजूला सारली.

पिन पुन्हा लावताना त्यांना दातांची मदत घ्यावी लागली. मी पुढे केलेला हात त्यांनी टाळला.

"इतकी वर्षं झाली, मी इथं टेंपरवारीच आहो," ते मला म्हणाले. "मले कायम करा म्हणून अर्ज देऊन देऊन थकलो. अन् हे माझ्या हाताले विचारून राहिले, कायम झाला का म्हणून!"

पुढच्या वर्षी मी नोकरीत कायम झालो. विम्याची पावती घेऊन रांगेत गेलो, तर ते पुढे उभेच होते. हातात नवा दाखला होता.