हळदीच्या डब्यातली घोडी

हळदीचा पुडा फोडला की मला तो घोड्यांचा शो आठवतो. फोनवरच्या आमच्या ग्रुपमध्ये खोट्या घोड्यांचा खेळ चालायचा. प्रत्येकीची एक मनातली घोडी. अडथळ्यांवरून ती कशी उडाली ते रंगवून लिहायचं आणि शो भरवणारीने घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून नंबर लावायचे. शो भरवायची इस्लामपूरची एक मैत्रीण, आणि पहिली यायची सारखी तिचीच काळी घोडी. चिठ्ठ्या ती हळदीच्या रिकाम्या डब्यातून काढायची. स्वतःची चिठ्ठी बोटाला कळेल अशी दुमडत असणार, असा मला दाट संशय. शेवटी मी तिला डब्यासकट कुपवाडला माझ्या घरी बोलावलं. सगळ्या चिठ्ठ्या मीच दुमडल्या, आणि अख्खा ग्रुप व्हिडिओवर बघत असताना डोळे मिटून मीच डब्यात हात घातला. निघाली माझी घोडी! मैत्रीण माझ्या पिवळ्या बोटांकडे बघत एवढंच म्हणाली, “डोळं खरंच मिटलं हुतंस न्हवं गं?” आजही बोटं पिवळी झाली, की स्वयंपाकघरात मी एकटीच असले तरी मोठ्याने सांगते, मिटले होते.