चौथा बुअद

एका माणसाचे किस्से साठावेत तरी किती! महालिंगप्पा मास्तरांचा एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मधेच तोंड घालतो. निजामाच्या राज्यात भूमच्या शाळेत ते उर्दूतून गणित शिकवायचे, मी ड्रॉइंग.

*

एकदा त्यांनी टेबलावर तीन खडू मांडले. लांबी, रुंदी, उंची. चौथा हातात धरून म्हणाले, "ह्यालाबी जागा हाय, पण आपलं बोट तिकडं वळत न्हाय."

मी म्हटलं, "चौथी तर वेळ असते म्हणं! विलायतेतले मोठे लोक सांगतात."

"वेळेला कशाला मधी ओढता? चौथीबी दिशाच!"

हसलो खरा, पण घरी जाताना उगीच वळून वळून बघत होतो.

*

शाळेचा शिपाई बाबू पेंगताना सापडला. हेडमास्तर कडाडले.

"साहेब, मास्तर म्हणतेत, समदं उजेडाच्या वेगानं पळतंय. इथं जितकं पळावं तितकं चौथ्या दिशेला कमी. म्या तर हलतच न्हाय, म्हंजी समदा वेग तिकडं!"

हेडमास्तरांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "गणित बरोबर हाय त्याचं!"

*

मास्तर आणि मी बैलगाडीनं सोनारीच्या देवळाला निघालो होतो. मी गाडीवानाला घाई करत होतो.

मास्तर म्हणाले, "पळणाऱ्याचं घड्याळ मागं पडतं बरं का."

देवळाशी पोचलो तर माझं घड्याळ खरंच पंधरा मिनिटं मागं! अंगावर काटा आला हो! चावी द्यायची राहिली होती, हे दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं.

*

निजामाचं राज्य जाण्याआधीच्या शेवटच्या धामधुमीतली गोष्ट. मास्तरांची सात वर्षांची आकडेमोड एकाच वहीत होती. पुण्याच्या एका प्रोफेसरांनी ती तपासावी, एवढाच ध्यास. "चूक म्हणाले तरी चालंल, पण कुणीतरी बघावं," म्हणायचे. वही घेऊन आम्ही सरहद्दीच्या नाक्यावर पोचलो आणि अमीनसाहेबांनी, म्हणजे तिथल्या फौजदारानं, ती उघडली.

वहीवर उर्दूत लिहिलं होतं, 'चौथा बुअद'. बुअद म्हणजे गणितातली मिती आणि बुअद म्हणजे अंतरसुद्धा. झालं! त्यांना वाटलं, पलीकडच्या बंडवाल्यांना खबर चाललीय.

"चौथा फासला! कां से कां तक? बोलो!"

एका शिपायानं वही जाळायला काडी पेटवली. पण मास्तरांनी जमिनीवर रेघा ओढून सगळं समजावलं, वर्गात सांगावं तसं. काडी विझली, दुसरी कुणी पेटवली नाही.

अमीनसाहेब रेघांकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "और जो हिलताइच नईं?"

"वो सबसे तेज, साहब. उससे आगे कोई नहीं."

त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी मास्तरांना परत दिली.

"मेरी बच्ची दो बरस से पलंग पे है," ते म्हणाले. "घर चलो. ये उसको बोलो."

पलीकडं जाणारी गाडी सुटत होती, गाडीवान हाका मारत होता. मास्तरांनी वही काखेत मारली आणि ते अमीनसाहेबांच्या मागं चालू लागले.