जोसेफवर आलेला आळ

बायकोला मी माझं सगळं सांगत आलोय — निदान तिला तसं वाटतं. आई गेली, तिलाही हे ठाऊक नव्हतं. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या प्रफुल्लच्या शेतात मी दरवर्षी हुरडा खायला जातो, गप्पा मारतो, हसतो — आणि परत येतो. आज तुमच्यापाशी बोलतोय. तुम्ही आम्हा दोघांनाही ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी थोडं नाचणगावचं सांगू द्या. उशीर करतोय, कळतंय मला. पण ते दिवस सांगितल्याशिवाय मी काय केलं ते कसं कळणार?

प्रफुल्ल मूळचा अल्लीपूरचा. शाळेसाठी मामाकडे नाचणगावला राहायचा, आमच्या घराला लागूनच. मामाचं वेल्डिंगचं दुकान होतं. प्रफुल्ल गोलकीपर, आणि त्याचे हातमोजे म्हणजे मामाचे वेल्डिंगचे, कोपरापर्यंत येणारे, जागोजागी जळलेले. मैदानाच्या काठावरून मामा ओरडायचा, "पफ्या, गिऱ्हाईक उभं हाय बे! मोजे आण पहिले!" प्रफुल्ल पळत जायचा, तोवर आमचा खेळ थांबलेला. उन्हात तापलेली ती काळी जमीन, बांबूचे गोलपोस्ट, पुलगावहून बूट घालून येणारी मोठी माणसं आणि त्यांना अडवणारा हा पोरगा. मी बॅकला उभा असायचो. माझ्या पायातून बॉल निसटला तरी मला भीती वाटायची नाही — मागं तो होता ना.

पुढे आमची दोघांची निवड झाली. मोठ्या शहरातला क्लब, टीव्हीवर दिसणारी लीग. त्याच्या मामीनं तिखट पुऱ्या बांधून दिल्या होत्या, त्या बडनेरा यायच्या आतच संपल्या. हॉस्टेलवर आम्ही एकाच खोलीत. प्रफुल्लच्या ठेच्यानं आमचा केरळचा कप्तान जोसेफ रडकुंडीला यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट घेऊन दारात उभा! इतका आनंद मला नंतर कुठंच मिळाला नाही. नोकरीत नाही, घर बांधलं तेव्हाही नाही.

मग तोम्बाचा गुडघा गेला.

तोम्बा मणिपूरचा, आमचा सगळ्यात वेगवान खेळाडू. सरावात उडी मारून खाली आला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागेल. क्लबचे मालक म्हणाले, जखमी खेळाडूला सांभाळण्याचं करारात कुठं आहे? आणि तोम्बाच्या हातात घरी जायचं रेल्वेचं तिकीट ठेवलं. कुबड्या बगलेत, तिकीट खिशात — तो आमच्या खोलीत येऊन बसला आणि कुणाकडेही बघेना.

प्रफुल्ल उठला. सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये जमवलं. "आज तोम्बा हाय, उद्या मी असन, परवा तू," तो म्हणाला. मग जोसेफनं ते हिंदीत सगळ्यांना समजावलं. ठरलं — तोम्बाच्या ऑपरेशनचा शब्द मालक देत नाहीत, तोवर रविवारच्या सामन्याला कुणी मैदानात पाय ठेवायचा नाही. पुढारी कोण ते कुणी विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगायचं — आम्ही सगळे. मी हात वर केला होता. सगळ्यात आधी केला होता की काय, तेही आता आठवतं... हो. सगळ्यात आधी.

जोसेफ कप्तान म्हणून मालकांकडे निरोप घेऊन गेला. हात हलवत परत आला.

शनिवारी सकाळी मालकांनी मला बोलावलं. एकट्याला.

इथं मला थांबावंसं वाटतंय. तुम्हाला वाटेल, मालकांनी दम दिला असेल, लालूच दाखवली असेल. तसं घडलं असतं तर मी हे केव्हाच कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो. पण त्यांनी मला खुर्ची दिली. चहा मागवला. "सुधाकर, गावाकडे पाऊसपाणी कसं आहे?" असं विचारलं. इतके महिने खेळत होतो, त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. मग बशीत बिस्कीट पुढं सरकवत ते सहज म्हणाले, "हे सगळं कुणाच्या डोक्यातून निघालं रे?"

मी म्हणालो, "प्रफुल्ल."

दुसऱ्यांदा विचारावंसुद्धा लागलं नाही त्यांना.

रविवारी मालक ड्रेसिंग रूममध्ये आले ते थेट प्रफुल्लसमोर. सामान भर म्हणाले. आणि हेही म्हणाले की करार संपेपर्यंत क्लब तुला मोकळं करणार नाही, म्हणजे दुसऱ्या कुठल्या क्लबकडून खेळायची वाटही बंद. खोलीत कुणी हललं नाही. मग मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. माझं बघून शेजारच्यानं बांधली. मग त्याच्या शेजारच्यानं. जोसेफ शेवटपर्यंत प्रफुल्लच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. सगळे गेल्यावर प्रफुल्लनंच त्याला उठवलं आणि मैदानात पाठवलं.

तोम्बाचं ऑपरेशन झालं नाही. तो गावी गेला, अजून लंगडतो. मी पुढं बरीच वर्षं खेळलो, त्याच खेळाच्या जोरावर वर्ध्यात सरकारी नोकरी मिळाली.

प्रफुल्लला स्टेशनवर सोडायला मीच गेलो होतो. तो माझ्यावर चिडला नव्हता. "तू खेळला, त्याचं मले काही नाई. तुह्या घरी आई एकटी हाय," तो म्हणाला. "पण माहं नाव कोनं सांगतलं असन बे? मालकाकडे जानं-येनं तं जोसेफचंच होतं." आणि माझ्याकडे बघत राहिला. रडवेला झाला होता, कारण जोसेफवर त्याचा फार जीव होता.

मी म्हणालो, "असन."

एवढाच शब्द. गाडी हलली.

जोसेफ त्याला फोन करत राहिला, त्यानं उचलले नाहीत. मग जोसेफ माझ्याकडे आला. "तू तो उसका भाई जैसा है, उसको समझा ना. मैंने नहीं बोला." मी त्याला म्हणालो, समझाऊंगा. पुढं कितीदा प्रफुल्लला भेटलो! एकदाही जोसेफचा विषय काढला नाही.

प्रफुल्ल अल्लीपूरला शेती करतो. संध्याकाळी गावातल्या पोरींना फुटबॉल शिकवतो. त्याची मुलगी प्रेरणा त्याच्यासारखीच गोलकीपर आहे, यंदा एका क्लबनं तिला करार देऊ केलाय. मागच्या महिन्यात त्यानं मला बोलावलं. "तू मोठ्या लीगमधी खेळला, तुले समजते. तिले चार गोष्टी सांग," म्हणाला.

आम्ही तिघं पडवीत बसलो. दुखापत झाली तर खर्च कुणाचा, हे करारात लिहून घे, असं मी तिला सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "काका, तुमच्या वेळी बाबाचं नाव कोनं सांगतलं होतं?"

प्रफुल्ल म्हणाला, "जोसेफनं. कप्तान होता आमचा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून.

"मंग असा मानूस ओळखाचा कसा, काका?"

आणि मी तिला सांगत बसलो. जो मालकाच्या जवळ असतो त्याच्यापासून सावध राहावं, जो फार गोड बोलतो त्याला आपलं मन सांगू नये... बराच वेळ सांगत होतो. प्रफुल्ल मान डोलवत होता. वहिनींनी चहा आणला, तो मी प्यायलो. निघताना प्रेरणा माझ्या पाया पडली.

जोसेफनं काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.