चावी परत न घेणारे घरमालक

आमच्या कॉलेजच्या गावाचा इतिहास कुणाला हवा असेल, तर त्यानं ग्रंथालयात वेळ घालवू नये. तो माझ्या घरमालकांच्या घरात होता, आणि खोल्याखोल्यांनी बांधलेला होता. कॉलेज संस्थेनं काढलं असं संस्थेचे लोक म्हणतात. मालकांच्या मते ते त्यांच्या कडब्याच्या खोलीनं काढलं. गंगापूर रस्त्यावरच्या या एवढ्याशा गावात पहिले प्राध्यापक उतरले, तेव्हा त्यांना राहायला जागाच मिळेना. ते संध्याकाळच्या एसटीनं परत निघाले होते. मालकांनी स्टँडवरून त्यांची वळकटी उचलली, कडबा अंगणात काढला आणि खोलीत खाट टाकली. "ते गेले असते तर आज इथं ज्वारीच असती," हे प्रत्येक नव्या भाडेकरूला पहिल्या दिवशी ऐकावं लागे. त्या साली म्हशीनं भिजका कडबा खाल्ला, हा त्यागही इतिहासात धरलेला होता.

पुढं कॉलेजला नवी शाखा मिळाली की मालक एक खोली बांधत. त्यामुळं घरात आर्ट्सची खोली, कॉमर्सची खोली, सायन्सची खोली अशी रांग होती. सायन्सच्या खोलीत नळ होता, कारण सायन्सला पाणी लागतं. कॉमर्सला लागत नाही, म्हणून मी तीन वर्षं अंगणातल्या हौदावर आंघोळ केली. मिस्त्री दरवेळी एकच. तो बिचारा विचारी, "मालक, नक्शा तो दिखाव," आणि मालक म्हणत, "मला काय विचारतो? विद्यापीठाला विचार!" बी.एड.ला परवानगी नाकारली गेली तेव्हा वर जाणारा जिना अर्धा बांधून झाला होता. तो तसाच राहिला. आम्ही त्यावर कपडे वाळत घालायचो.

गाव वाढलं पाहिजे, हा त्यांचा जप. पहिलं झेरॉक्सचं दुकान निघालं तेव्हा ते धुतलेलं धोतर नेसून गेले आणि काही कारण नसताना सातबाराच्या दोन प्रती काढून आले. टपरीवर सँडविच मिळू लागलं तेही त्यांनी खाल्लं. आवडलं नाही, पण गावासाठी संपवलं.

पण खरा मामला कुलपांचा. घोळ नको म्हणून त्यांनी सगळ्या खोल्यांना एकाच चावीची कुलपं आणली होती, आणि शिकून जाणाऱ्या पोराकडून ते चावी कधी परत घेत नसत. "राहू दे तुझ्याकडं. कधी आलास अन् मी शेतात असलो, तर दारात उभा राहशील व्हय?" अशा किती चाव्या मराठवाडाभर फिरत होत्या, देव जाणे. एकदा दुपारी मी वर्गातून आलो तर माझ्या खाटेवर एक जाडजूड गृहस्थ घोरत होते. मी धावत मालकांना बोलावलं. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं आणि मलाच दटावलं, "हळू बोल की! कॉमर्सचाच हाय. तलाठी झालाय आता, लई फिरावं लागतं त्याला." उठल्यावर गृहस्थ माझ्या माठातलं पाणी प्यायले, खोलीला रंग द्यायला झालाय म्हणाले आणि गेले. इतकं असून चोरी झाली ती एकदाच, बादलीची. तीही निकालानंतर परत आली, आत पेढे घालून.

मग गाव इतकं वाढलं की मालकांच्याच घरावर आलं. त्यांच्या मुलानं जुन्या खोल्या पाडून तीन मजली होस्टेल बांधायचं ठरवलं. दाराला आकडे दाबून उघडणारं कुलूप. मालक नको कुठल्या तोंडानं म्हणणार? होस्टेल उभं राहिल्यावर मुलानंच मला फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं ते एवढंच, "चाव्या बाहेर हायेत. त्या पोरांचं काय?" "फोन करून येतील की, दादा," मुलगा त्यांना म्हणाला. "फोन करून येतो तो पाहुणा," मालक म्हणाले.

मी आता शहरात, छावणी भागात राहतो. माझी चावी अजून गाडीच्या किल्लीसोबत एकाच कडीत आहे. का, ते मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मुलाचं बोलणं ऐकलं मात्र, आणि गेल्या रविवारी ती घेऊन गेलो. घर ओळखूच येईना. काचेचं दार, त्यावर आकड्यांची पट्टी, आणि दाराशेजारी खुर्चीवर मालक. अगदी मूठभर झालेले. बाजूच्या खिडकीच्या गजाला आमचं जुनं कुलूप लटकत होतं. ते काहीच बंद करत नव्हतं.

"असे दिवसभर बसता?" मी विचारलं.

"चावी लागली नाय तर पोराला वाटंल, आपलं इथलं संपलं. म्हणून बसतो."

मी नाव सांगितलं. खोली सांगितली. त्या तलाठ्याची आठवणही करून दिली. त्यांना काही म्हणजे काही ओळख पटेना. शेवटी त्यांनी नुसतं कुलपाकडं बोट केलं. मी चावी काढून लावली. जरा अडली, मग फिरली.

"आपलाच हाय!" मालक आत वळून ओरडले. "चहा टाका!"

मी काचेच्या दारातून आत पाऊल टाकणार, तोच त्यांनी माझी बाही धरली.

"कुलूप लाव परत," म्हणाले. "अजून लई जण यायचेत."