लॅमिनेशन केलेला रिपोर्ट

वहिनीच्या रिपोर्टावर 'एएनए पॉझिटिव्ह' असं जाड अक्षरात छापून आलं, आणि आईनं तो कागद रेशनकार्डासारखा लॅमिनेशन करून आणला. महत्त्वाचा कागद आमच्या अहमदपुरात असाच जपतात.

टेस्ट मीच करायला लावली होती. शिबिर आमच्या संघटनेचं, पत्रक माझं: 'लपलेला आजार शोधा, तपासणी तुमचा हक्क.' वहिनीचे केस गळत होते, थकवा होता. लॅबवाल्यानं पॅकेजात एएनए ही रक्ताची टेस्ट घातली आणि वर सांगून मोकळा झाला, "ल्युपस असंल. शरीर स्वतःवरच उलटतंय. लेकरूबाळ नको." रक्त काढणाऱ्यानं निदान करावं, हे कुठल्या कायद्यात बसतं? पण तेव्हा मीही मान डोलावली, हे लिहायलाच हवं.

वहिनीला मूल हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, पॉझिटिव्ह आल्यावर काय करायचं, ते तुमच्या पत्रकात न्हाई."

आई, वहिनी आणि मी लातूरला संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो; ल्युपसही त्याच बघतात. सांधे सुजतात? उन्हानं चेहऱ्यावर चट्टे येतात? तोंडात फोड? वहिनीचं प्रत्येकाला "न्हाई". रक्त-लघवी तपासली. दुपारी रिपोर्ट आले: हिमोग्लोबिन कमी, बाकी ठीक.

"एएनए कुणी सांगितली?"

"मी."

"डॉक्टर आहात?"

"कार्यकर्ता."

"तरीच. धडधाकट माणसांतही ही पॉझिटिव्ह येते, आणि हिची पातळी तर अगदी कमी. आधी लक्षणं बघायची, मग टेस्ट. उलटं केलं की चांगला माणूस पेशंट होतो."

आई हटेना. "मग जाड अक्षरात कशाला छापलं?"

"मशीन छापतं, मावशी. आकडा ओलांडला की जाड करतं. त्याला तुमची सून दिसत नाही."

"आन् लेकरू?" वहिनीनं विचारलं.

"होऊ द्या की. आधी लोहाच्या गोळ्या घ्या. सांधे सुजले, चट्टे आले, तर मात्र परत या."

तेच रिपोर्टावर लिहायला गेल्या, तर पेन प्लास्टिकवरून घसरायला लागला. वहिनीनं माझ्या पिशवीतलं पत्रक ओढून पालथं केलं. "ह्याच्यावर लिहा. मागची बाजू कोरी हाय."

एसटीत आईनं ते पत्रक कुणाच्या हाती दिलं नाही. अहमदपूरच्या स्टँडवर उतरली आणि थेट लॅमिनेशनच्या दुकानात शिरली.