चुन्याची रेघ

जुगलकिशोरजींचं नाव निघालं की मला आधी त्यांचे पाय दिसतात. अनवाणी! नव्या जालन्यात स्टेशनाजवळ कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं, तिथं ते मॅनेजर, आमचे साहेब. पण आधी असे नव्हते बरं का; खिळे मारलेले जोडे करकर वाजवीत यायचे. मी तिथं कापसाचे बोजे वाहायचो.

छप्पन सालच्या हंगामात एका दुपारी चालत्या यंत्रात कापूस पेटला. बादल्या मारून आग विझवली, पण धुराआधी नाव उठलं, पुंजाराम! केदारखेड्याहून नवा आलेला, चिलीम ओढणारा, कुणात न मिसळणारा. आणखी काय पाहिजे?

"ह्याला काढा, न्हाईतर उद्यापासून आम्ही बंद," मुकादम कारभारीमामा गरजले. आम्ही बाकीच्या अकरा जणांनी माना हलवल्या. माझी सगळ्यात जोरात.

"चिलीम फाटकावरच ठेवतो, देवाशप्पथ," पुंजाराम म्हणाला. "घरी लेकरं हायेत, साहेब."

"चोर कधी हो म्हणला का?" मामा म्हणाले.

साहेबांचाही संशय त्याच्यावरच. काढून टाकायचा कागद लिहायलाही घेतला होता, मधेच हात थांबला. उठून त्यांनी अंगणात चुन्याची रेघ ओढली. "ज्यानं याला आत चिलीम पेटवताना डोळ्यानं पाहिलं, तो पलीकडं जाईल. ऐकलं असेल तो इथंच. एकेक जण या. मुकादम, तुम्ही सगळ्यात शेवटी."

कारभारीमामांचं तोंड पाहिल्याशिवाय आमचा पाय उचलायचा न्हाई, हे साहेबांना बराबर ठाऊक होतं. मी एक पाऊल टाकलं अन् मागं घेतलं. पलीकडं चिटपाखरू न्हाई. शेवटी मामा आले.

"मला... ह्या कडूबानं सांगितलं."

"अन् मला तुम्हीच की, मामा!" कडूबा ओरडला.

हशा पिकला. साहेब मात्र हसले न्हाईत. आमच्याच बाजूला येऊन उभे राहिले. "तेरावा मी. मीही ऐकलंच होतं."

"मंग आग लागली कशी?" मामांचा संशय काही सुटेना.

कापूस निवडणारी चतुराबाई पुढं आली. यंत्राच्या तोंडात सापडलेला काळा खिळा तिनं पदरातून काढला. लोखंडाला लोखंड घासलं की ठिणगी पडते, हे जिनिंगात पोरंही सांगतील.

"साहेब, तेवढा जोडा पालथा करा."

आदल्या दिवशी व्यापाऱ्याला माल दाखवायला साहेब जोड्यांसकट कापसाच्या ढिगावर चढले होते. जोडा पालथा केला, तर तळाला एका खिळ्याची जागा रिकामी!

कुणी हसलं न्हाई. साहेबांनी कागद फाडला, दोन्ही जोडे काढून पुंजारामच्या हातात दिले.

"फाटकावर तुझी चिलीम असते ना? तिच्या शेजारी ठेव."

कारभारीमामा पुढं महिनाभर पुंजारामचे हात हुंगत राहिले. जोडे मात्र रोज चिलमीपाशीच.